खांद्यावरून काढलेला व्हिडिओ

माझा भाऊ आता २३ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, बोलतो पण अगदी मोजकं, आणि गेल्या चार वर्षांत तो दात घासणं, मशीनला कपडे लावणं, अंथरूण आवरणं, स्वतःचा हेडफोन चार्जिंगला लावणं अशा बऱ्याच गोष्टी आमच्यापैकी कोणीही शेजारी उभं न राहता करायला लागलाय. घरात त्याला आम्ही ज्या नावाने हाक मारतो ते इथे लिहीत नाही, त्याला विचारून लिहायला हवं आणि तो होकार देतोय की नुसता माझा शब्द परत म्हणतोय हे मला अजून दर वेळी कळत नाही, म्हणून भाऊच म्हणते. तर हे सगळं तो मोबाईलवरच्या व्हिडिओंवरून शिकला. ओळखीतल्या दोघीतिघी विचारतात की कुठलं अ‍ॅप वापरलंस, तर अ‍ॅप वगैरे काहीही नाही, साधा फोनचा कॅमेरा आणि फोनमध्येच असतं ते कापाकापीचं एडिटिंग. खरं काम त्याच्या आधीचं असतं.

आधी आमच्या सकाळी कशा असायच्या ते सांगते. आई बेसिनपाशी उभी राहून बोलत राहायची, ब्रश घे, पेस्ट लाव, नीट घास, अरे आतून पण, अजून, बास आता, चूळ भर, अरे चूळ भर ना. आणि तो ब्रश तोंडात धरून आईच्या तोंडाकडे बघत उभा. आम्हाला वाटायचं लक्ष नाहीये, आळस करतोय. वर्षानुवर्षं असंच वाटायचं. मग एका स्पेशल एज्युकेटर ताईंनी दहा मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाल्या की त्याचं पूर्ण लक्ष आहे, पण ते आईच्या पुढच्या शब्दावर आहे, दातांवर नाही. म्हणजे दात घासणं या कामात आईचं बोलणं हीच एक पायरी होऊन बसलीये, शब्द आला की हात हलणार, नाही आला तर थांबणार. याला प्रॉम्प्ट डिपेन्डन्सी म्हणतात हे नंतर कळलं. त्या दिवशी आईला फार लागलं ते, कारण इतकी वर्षं ती मदतच करत होती ना. पण चूक तिचीही नव्हती, आम्हाला कोणी दुसरा रस्ता दाखवलाच नव्हता.

आणि "नीट" या शब्दाचं काय करायचं? नीट घास म्हणजे किती वेळ, कुठून सुरू, किती जोरात? आपण सगळे नीट, जरा, लवकर, व्यवस्थित असल्या शब्दांवर घर चालवतो, आणि ज्या माणसाला शब्द जसाच्या तसा घ्यायचा असतो त्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

ताईंनी मला सांगितलं, आधी तू स्वतः दात घासताना काय काय करतेस ते लिहून काढ. मी लिहिल्या ७ पायऱ्या. त्या म्हणाल्या परत बघ. मग मी खरंच बेसिनपाशी वही घेऊन उभी राहिले आणि १९ निघाल्या. ट्यूबचं झाकण काढल्यावर ते ठेवायचं कुठे ही एक पायरी आहे हे मला आयुष्यात सुचलं नसतं, आणि माझा भाऊ नेमका तिथेच अडकायचा, एका हातात झाकण, एका हातात ट्यूब, मग ब्रश कुठल्या हाताने धरायचा? आम्ही मागून ओरडतोय, लाव ना पेस्ट. याला टास्क अ‍ॅनॅलिसिस म्हणतात, आणि माझं मत विचाराल तर बाकी काहीही न करता एवढं जरी कुठल्याही घराने एकदा केलं तरी निम्मं भांडण संपेल.

व्हिडिओवरून शिकवणं ही काही मोबाईल आल्यावर निघालेली गोष्ट नाही. माणूस नुसतं बघूनही शिकतो हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये त्या फुगवलेल्या बोबो बाहुलीच्या प्रयोगातून दाखवलं होतं, मोठ्यांनी बाहुलीला मारलेलं बघून मुलांनीही तसंच मारलं, आणि १९६३ मध्ये त्यांनी तेच फिल्म दाखवूनही करून बघितलं, तरी मुलं शिकली. मग १९८९ मध्ये शार्लॉप आणि मिलस्टीन या दोघी संशोधकांनी ऑटिस्टिक मुलांना व्हिडिओ दाखवून गप्पांमधली देवाणघेवाण शिकवली. २००० मध्ये शार्लॉप यांच्याच टीमने पाच ऑटिस्टिक मुलं घेऊन तुलना केली, काही गोष्टी समोर माणूस करून दाखवतोय, काही व्हिडिओत, तर व्हिडिओवरून मुलं जास्त लवकर शिकली आणि शिकलेलं दुसऱ्या ठिकाणीही जास्त वापरलं. पाचच मुलं होती हे लक्षात ठेवायला हवं, या विषयातले बरेच अभ्यास असेच लहान असतात, एकेका माणसाची आधीची आणि नंतरची नोंद ठेवून केलेले. २००७ मध्ये बेलिनी आणि अकुलियन यांनी असे २३ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा त्यात एकूण ७३ जण होते, आणि निष्कर्ष हा की पद्धत काम करते. मला हे वाचून धीर आला होता, पण त्या ७३ मध्ये माझा भाऊ नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी नोंदींची वही ठेवावीच लागली.

वही म्हणजे काय, व्हिडिओ दाखवण्याआधी पाच दिवस आम्ही कोणीही तोंड उघडलं नाही आणि १९ पैकी तो आपणहून किती पायऱ्या करतो ते लिहिलं. बहुतेक दिवशी ५. हे आधी लिहून ठेवा, अगदी मनापासून सांगते, नाहीतर महिन्याभराने घरातले म्हणतात काही फरक नाही आणि तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

आता माझा पहिला व्हिडिओ. मी आईला बेसिनसमोर उभं केलं आणि समोरून शूट केलं, छान हसरा चेहरा, आवाजात सूचना. पूर्ण फसला. समोरून काढलं की उजवा हात डावीकडे दिसतो, तो गोंधळला. मला नंतर आठवलं, लहानपणी तो टाटा करताना तळवा स्वतःकडे करायचा, कारण समोरचा टाटा करतो तेव्हा त्याला तळवाच दिसतो ना, तो जे दिसतं ते तसंच करत होता. काही ऑटिस्टिक मुलं असं करतात. आपण समोरच्याची हालचाल बघून मनातल्या मनात उलटी फिरवून घेतो आणि आपल्याला ते कष्ट कळतही नाहीत. शिवाय आईचा चेहरा स्क्रीनभर, तो डोळे आणि ओठ चुकवायला स्क्रीनच्या कोपऱ्याकडेच बघत बसला.

दुसरा व्हिडिओ खांद्यावरून काढला. बाबा मागे स्टुलावर उभे, फोन माझ्या उजव्या खांद्याच्या वर, खाली तिरपा, स्क्रीनवर फक्त दोन हात, बेसिन आणि त्याचाच निळा ब्रश. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं हे आपलेच हात आहेत. २००२ मध्ये एका अभ्यासात अशाच डोळ्यांच्या कोनातून काढलेल्या व्हिडिओंनी तीन ऑटिस्टिक मुलांना टेबल मांडणं, टपालासाठी पत्र तयार करणं, फिशबाऊल साफ करणं असली कामं शिकवली होती. माझ्या हातात बांगडी होती, ती वाजत होती, तो तिच्याकडेच बघणार हे बाबांच्या लक्षात आलं म्हणून काढली. बेसिनवरच्या बाकीच्या बाटल्या हलवल्या. आवाज सगळा बंद, फक्त शेवटी एकच शब्द, "झालं", आणि त्याच्यानंतर दोन सेकंद त्याचे हेडफोन टेबलावर ठेवलेले दिसतात, कारण दात घासून झाले की तो हेडफोन लावून बसतो. व्हिडिओ १ मिनिट ४० सेकंदांचा, म्हणजे घासण्याचा भाग थोडा कमी करून.

दाखवायची पद्धतही साधीच. बेसिनपासून लांब, खोलीत बसून दोनदा बघायचा, मग उठून जायचं. मध्ये आम्ही कोणी विचारायचं नाही की कळलं का, बघ हं, आता काय केलं तिने. ही गप्प बसायची शिस्त त्याच्यापेक्षा आम्हाला शिकायला जास्त दिवस लागले. तिसऱ्या आठवड्यात १९ पैकी १६ झाल्या आणि तो स्वतःच "झालं" म्हणून बाहेर आला. आई स्वयंपाकघरातून बाहेर यायला निघाली होती, मी तिला हाताने थांबवलं, म्हटलं जाऊ नकोस, काही बोलू नकोस, जाऊ दे त्याला हेडफोनकडे.

पण एक गोष्ट आमच्या लक्षात यायला अजून आठवडा गेला. ब्रश धुवायच्या आधी तो दर वेळी थांबून डावीकडे दाराकडे मान वळवायचा, मग पुढे. रोज, त्याच जागी. आम्हाला वाटलं काहीतरी त्रास होतोय, सेन्सरी असेल, कसला तरी आवाज येत असेल. मग मी व्हिडिओ परत बघितला. शूट चालू असताना दारातून कोणीतरी हाक मारली होती आणि मी वळले होते, हात थांबलेले आणि कॅमेरा पण किंचित दाराकडे हललेला, दीड सेकंद. आवाज मी काढून टाकला होता, तेवढं थांबून वळणं राहून गेलं होतं. त्याने जे दिलं ते तंतोतंत शिकलं होतं, गाळायचं काय ते आपण ठरवायचं असतं. १९७१ मध्येच लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलंय की ऑटिस्टिक मुलं कधीकधी समोरच्या अनेक खुणांपैकी एखादीच खूण धरतात, आणि ती कुठली धरतील हे आपण आधी सांगू शकत नाही. म्हणून आता मी प्रत्येक व्हिडिओ कोणालाही दाखवण्याआधी तीनदा बघते, एकदा फक्त हात, एकदा फक्त मागचं दृश्य, एकदा कान देऊन. दुसऱ्यांदा शूट करून बदलला तेव्हा ती मान वळवण्याची सवय जायला मूळ गोष्ट शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

कपड्यांच्या मशीनचं प्रकरण वेगळं. तिथे मी अख्खा व्हिडिओ केला, तीन मिनिटांचा, आणि तो दोनदा बघून मशीनपाशी जाऊन थेट शेवटचं बटण दाबायचा, आत कपडे नाहीत, पावडर नाही. म्हणजे शेवटचं दिसलेलं लक्षात, मधलं वाहून गेलेलं. ताई म्हणाल्या तुकडे कर. एक पायरी, एक छोटी क्लिप, बघ, कर, मग पुढची क्लिप. याला व्हिडिओ प्रॉम्प्टिंग म्हणतात. हेलन कॅनेला-मलोन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये विकासात्मक अक्षमता असलेल्या सहा प्रौढांना टेबल मांडणं आणि आणलेलं सामान जागेवर लावणं अशी दोन कामं दोन्ही पद्धतींनी शिकवून बघितली होती, तुकड्यातुकड्यांनी दाखवलं तेव्हा बहुतेकांना जमलं, सलग दाखवलं तेव्हा फारसं नाही. आम्ही मशीनच्या ११ क्लिप केल्या, कुठलीही १५ सेकंदांपेक्षा मोठी नाही, आणि फोन मशीनच्या वर भिंतीला पाऊचमध्ये चिकटवला. जसजसं जमत गेलं तसतशा दोन क्लिप जोडून एक केल्या, मग तीन जोडून एक. आता चार आहेत.

मग मशीन बिघडलं आणि नवीन आलं. नव्याचं बटण उजवीकडे. भाऊ जुन्या बटणाच्या जागी, जिथे आता नुसता गुळगुळीत पत्रा आहे, तिथे बोट दाबत उभा, दाबतोय, दाबतोय, आणि मग जमिनीवर बसून डोकं धरलं. त्या दिवशी मला स्वतःचा फार राग आला, कारण हे मी आधी करून ठेवायला हवं होतं. एकाच मशीनवर, एकाच बेसिनवर शिकवलं की त्याच्यासाठी ते काम म्हणजे ते मशीनच असतं. १९८७ मध्ये हॅरिंग आणि सहकारी ऑटिस्टिक तरुणांना खरेदी करायला शिकवत होते तेव्हा व्हिडिओ त्यांनी याच कारणासाठी वापरले होते, एका दुकानात शिकलेलं दुसऱ्या दुकानातही जमावं म्हणून. आता प्रत्येक कामाचे मी किमान दोन ठिकाणचे व्हिडिओ करते, आपलं बेसिन आणि मावशीकडचं बेसिन, आपला नळ फिरवायचा आणि तिकडचा वर उचलायचा.

आता जिथे व्हिडिओ उपयोगाचा नाही ते पण सांगायला हवं, कारण एकदा एक गोष्ट जमली की घरातल्यांना वाटतं सगळ्याचेच व्हिडिओ करूया. बुटाच्या लेसचे मी चार वेगवेगळे व्हिडिओ केले. त्याला पायऱ्या पाठ झाल्या, हवेत हात फिरवून दाखवायचा, पण बोटांना ती पकड जमत नव्हती. ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणाल्या ही माहितीची अडचण नाही, हाताची आहे, त्यावर हाताचंच काम करावं लागेल आणि तोपर्यंत लेस नसलेले बूट घ्या. घेतले. इतका सोपा उपाय असताना मी त्याला सात महिने त्या लेसशी झगडायला लावलं याचं मला आजही वाईट वाटतं. तसंच टूथपेस्टचं. १९ पैकी ज्या ३ पायऱ्या राहिल्या होत्या त्या सगळ्या पेस्ट तोंडात असतानाच्या होत्या. ती पेस्ट त्याला झोंबत होती. त्याला करता येत नव्हतं असं नाही, सहन होत नव्हतं, आणि सहन न होणारी गोष्ट शंभर वेळा दाखवली तरी झोंबायचीच. चव नसलेली पेस्ट आणली, चार दिवसांत १९ झाल्या.

आणखी एका गोष्टीबद्दल मला ठाम बोलायचंय. हाताची हालचाल बंद करायला, डोळ्यात डोळे घालून बोलायला, सगळ्यांसारखं बसायला शिकवणारे व्हिडिओ करा असं मला काहींनी सुचवलं. मी करणार नाही. तो आनंद झाला की हात फडफडवतो, गर्दीत गेला की फडफडवून स्वतःला सावरतो, त्याने कोणाचं काय बिघडतं? जे शिकल्यावर त्याला दिवसभरात कोणाची वाट बघावी लागणार नाही तेवढंच शिकवायचं, हे मी ठरवलंय. हेडफोन चार्ज करणं ही त्याची पहिली मागणी होती, तो बंद हेडफोन आणून माझ्या हातात द्यायचा आणि मी मीटिंगमध्ये असले की बिचारा अर्धा तास उभा राहायचा. तो व्हिडिओ तो एका दिवसात शिकला. एका दिवसात!

त्याचे स्वतःचे व्हिडिओही करून बघितले. पीटर डाउरिक या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय, माणसाला त्याचंच जमलेलं काम दाखवायचं, मदतीचा भाग कापून टाकायचा. अंथरूण आवरतानाचं असं एक केलं, चादरीचं दुसरं टोक मी धरलं होतं ते कापलं. भावाने ते इतक्या वेळा बघितलं की फोनची बॅटरी संपली. पण ओळखीतल्या एका मुलीला स्वतःला स्क्रीनवर बघणं अजिबात आवडलं नाही, ती फोन उलटा करून ठेवायची, तर तिथे हा विषय संपला. तिला नको होतं म्हणजे नको होतं.

आंघोळ, कपडे बदलणं, पाळीतलं पॅड बदलणं, यांचे व्हिडिओ लागतात, नक्की लागतात, पण खऱ्या माणसावर काढू नका. पॅडसाठी त्या मुलीच्या आईने कपड्यावरच दाखवलं, नुसते हात आणि कपडा, आणि तेवढं पुरलं. असे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकायचे नाहीत, कितीही कौतुक वाटलं तरी, आणि फोनचा आपोआप बॅकअप कुठे जातो ते आधी बघायचं. तो किंवा ती तक्रार करू शकत नाही म्हणून आपण दुप्पट सांभाळायला हवं.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे व्हिडिओ सुटणार कधी. दात घासायचा सुटला, त्याला आता बघावा लागत नाही, अंथरुणाचाही. मशीनच्या चार क्लिप तो अजूनही बघतो आणि बहुतेक बघत राहील. बाबांना आधी ते अपूर्ण वाटायचं. मी त्यांना म्हटलं तुम्ही बँकेचं काम करताना चिठ्ठी काढून बघताच ना, तुम्हाला कोणी म्हणतं का की अजून शिकायचं राहिलंय. आईच्या शब्दाची वाट बघत उभं राहणं आणि स्वतः प्लेचं बटण दाबणं यात फरक आहे, कारण व्हिडिओ थांबवायचा, मागे न्यायचा, परत बघायचा हे सगळं त्याच्या हातात असतं. व्हिडिओ कंटाळत नाही, आवाज चढवत नाही, काल आणि आज वेगळं सांगत नाही. आई दमते. मी पण दमते. आई आता सकाळी त्या वेळेत बाल्कनीत चहा घेऊन बसते आणि पहिले काही महिने तिला तिथे काय करायचं तेच कळत नव्हतं.

सध्या दाढीचं चाललंय. इतकी वर्षं बाबा करून देतात, दोघांनाही ते नको झालंय. ब्लेडचा विचार बाद केला, ट्रिमर घेतोय. मामेभाऊ हात द्यायला तयार झालाय, त्याचे हात भावासारखेच मोठे आहेत, त्यामुळे यावेळी माझे हात नकोत. फक्त आरशाचं काय करायचं ते अजून सुटलेलं नाही, कारण दाढी आरशात बघूनच करावी लागते आणि खांद्यावरून काढलं तरी आरशात मामेभावाचा चेहरा येणारच. ताई म्हणतात येऊ दे, पण कॅमेरा गालावर जवळ ने, डोळे फ्रेममध्ये नकोत. आणि ट्रिमरच्या आवाजाची भीती वाटू नये म्हणून आधी आठवडाभर नुसता बंद ट्रिमर त्याच्या टेबलावर ठेवलाय, हेडफोनच्या शेजारी. काल त्याने तो उचलून उलटसुलट करून बघितला आणि परत ठेवला. रविवारी शूट आहे.